गाडी ओढते म्हणून लगेच पाना उचलू नका : आरसी ट्रकचं सस्पेन्शन आणि अलाइनमेंट

माझ्या पहिल्या आरसी (रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकने मला सलग तीन रविवार छळलं. एक दशांश मापाचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा शॉर्ट कोर्स ट्रक. थ्रॉटल दाबला की नाक डावीकडे. पहिल्या रविवारी मी रिमोटवरचं ट्रिम (स्टीअरिंगचा मध्य किंचित सरकवणारं बटण) उजवीकडे फिरवलं. हळू चालवताना सरळ, वेग घेतला की पुन्हा डावीकडे. दुसऱ्या रविवारी पुढच्या चाकांचे टो लिंक (चाकांची तोंडं आत-बाहेर वळवणारे दांडे) पिळले. तिसऱ्या रविवारी मागचा कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आत-बाहेर झुकाव). तोवर ट्रक दोन्ही बाजूंना ओढायला लागला होता, आणि मूळ सेटिंग काय होतं ते मला आठवत नव्हतं.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी ट्रक हातात घेतला, चाकं हलवली आणि म्हणाले, "अरे, मोजतोयस काय? आधी सुटं कर." मागच्या आर्मच्या (चाक धरणारे आडवे हात) चारही हिंज पिना (आर्म ज्यांवर झुलतात त्या सळ्या) काढून त्यांनी टीपॉयच्या काचेवर ठेवल्या आणि बोटाने एकेक ढकलली. तीन पिना गुपचूप घरंगळल्या. चौथी टक्, टक्, टक् करत गेली. वाकलेली. महिन्याभरापूर्वी पार्किंगच्या कठड्याला गाडी आपटली होती, तेव्हाची. डोळ्यांना दिसणारही नाही इतका बाक, पण तेवढ्याने डावं मागचं चाक भलतीकडे बघत होतं. आणि मी पुढच्या चाकांना शिक्षा करत होतो.

म्हणून हा लेख कॅम्बरपासून सुरू होत नाही. क्रम असा आहे: आधी स्टीअरिंगचा मध्य, मग खेळ आणि वाकलेले भाग, मग शॉक, मग उंची, मग कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो. हा क्रम हौसेचा नाही. उंची बदलली की आर्म कमानीत वर-खाली होतात आणि कॅम्बर आपोआप बदलतो. कॅम्बर बदलला की टो थोडा सरकतो. उलटीकडून सुरुवात केली तर केलेलं काम दर वेळी स्वतःच्याच हाताने पुसत जाल.

हत्यारं

१.५, २ आणि २.५ मिमीचे षट्कोनी ड्रायव्हर चांगल्या पोलादाचे घ्या. गाडीबरोबर येणारी एल आकाराची ॲलन की चार वेळा वापरली की गोल होते आणि स्क्रूचं डोकंही गोल करून ठेवते. चाकाच्या नटासाठी ७ मिमीचा पाना, टर्नबकल (पिळून लांबी बदलता येणारे दांडे) फिरवायला छोटा सपाट पाना, डिजिटल व्हर्नियर, एक मोजपट्टीची टेप. रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. सोल्डर, कनेक्टर असलं काही लागलं तर बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आहेच.

कॅम्बर गेज म्हणून तयार वस्तू मिळते, पण सुरुवातीला गरज नाही. अप्पा बळवंत चौकात जाऊन ड्रॉइंगवाल्या मुलांचा मोठा गुण्या आणि ३० सेंटिमीटरच्या दोन फूटपट्ट्या आणा. शाळेच्या कंपासपेटीतला गुण्या बुटका पडतो.

आणि सपाट जागा. याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसतात. बाल्कनीची फरशी चालणार नाही, तिला पाण्याच्या वाटेकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. हॉलच्या टाइल्सच्या सांध्यांवरही भरवसा नको. आमच्याकडे स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा जुना ओटा बरा निघाला, पण त्यावरसुद्धा मी आधी जाड काच ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले. काच डुगडुगली नाही, मग मान्य केलं. (ओटा वापरायची परवानगी कशी मिळवायची हे प्रत्येकाने आपल्या घरच्या परिस्थितीनुसार ठरवावं. माझ्याकडे दुपारी दोन ते चार, जुन्या वर्तमानपत्रांसकट.)

स्टीअरिंगचा मध्य

आधी रिमोट सुरू, मग गाडी. बंद करताना उलट: आधी गाडी, मग रिमोट. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर एखाद दिवशी गाडी स्वतःच्या मर्जीने भिंतीत जाईल.

रिमोटवरचं स्टीअरिंग ट्रिम शून्यावर आणा. सर्व्होवरचा (स्टीअरिंग फिरवणारी छोटी मोटर) हॉर्न, म्हणजे तिच्या दांड्यावरचा छोटा हात, काढा, सर्व्होला वीज मिळत असताना तो आपोआप मध्यावर येऊन थांबेल, आणि मग हॉर्न सर्व्होला शक्य तितका काटकोनात परत बसवा. दाते असल्यामुळे तंतोतंत काटकोन जमेलच असं नाही. जवळचा दाता निवडा आणि उरलेला फरक सबट्रिमने (सर्व्होचा मध्य बारीक सरकवायची रिमोटमधली सोय) काढा. रिमोटवर सबट्रिम नसेल तर साध्या ट्रिमचे एकदोन टप्पे चालतील. यापेक्षा जास्त ट्रिम लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

सर्व्हो सेव्हरही (चाकाला बसलेला धक्का सर्व्होपर्यंत जाऊ न देणारा स्प्रिंगचा सांधा) तपासा. एका हाताने सर्व्होचा हॉर्न घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने चाक हलकेच डावी-उजवीकडे ढकला. चाक परत त्याच जागी आलं पाहिजे. कधी इथे, कधी तिथे थांबत असेल तर टो कितीही काळजीपूर्वक लावा, पहिल्या वळणानंतर तो बदललेला असेल.

खेळ आणि वाकलेले भाग

बॅटरी काढून टाका. ट्रक ठोकळ्यावर ठेवा म्हणजे चारही चाकं हवेत राहतील. प्रत्येक चाक वर-खाली आणि पुढे-मागे धरून हलवा. थोडासा खेळ प्रत्येक आरसी गाडीत असतो आणि असावाही. सगळं आवळून टाकलं तर सस्पेन्शन हलणारच नाही. एक चाक बाकी तिघांपेक्षा जास्त लडबडत असेल तर मात्र थांबा. बेअरिंग गेलं आहे, की बॉलजॉइंटचं प्लास्टिक सैल झालं आहे, की हिंज पिनेचं भोक मोठं झालं आहे, ते शोधा.

मग चारही शॉकचं खालचं टोक सोडा आणि आर्म हाताने वर उचलून सोडून द्या. आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अर्ध्यात अडकला, चिकटला, हळूहळू उतरला तर त्या कोपऱ्यात काहीतरी घासतंय: बारीक मुरूम अडकला असेल, पिन वाकली असेल, किंवा स्क्रू जास्त आवळला असेल. नवख्या लोकांच्या गाड्यांत सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच. हा सोडून लोक शॉकचं तेल बदलत बसतात.

पिना काढून काचेवर घरंगळवा, वर सांगितलं तसं. पाच मिनिटांचं काम आहे.

शॉक

इथे वेळ द्या. स्प्रिंग आणि तेल यांची कामं वेगळी आहेत आणि ती एकदा डोक्यात बसली की निम्मा गोंधळ संपतो. स्प्रिंग ठरवते गाडी किती दबेल. तेल ठरवतं किती वेगाने दबेल आणि किती वेगाने वर येईल. जुन्या रिक्षाचा शॉक गेला की ती एका स्पीडब्रेकरवर तीनदा उसळते. स्प्रिंग शाबूत असते, आवरणारं कोणी उरलेलं नसतं. तुमच्या ट्रकचं तेल गळून गेलं की तेच होतं.

आरसी शॉकमध्ये सिलिकॉन तेल भरायचं. नाना पेठेत मोटरसायकलच्या फोर्कचं तेल स्वस्तात मिळतं, आणि ते वापरायचा सल्ला देणारे भेटतात. ऐकू नका. ते खनिज तेल असतं आणि शॉकमधल्या ओ-रिंगा, रबरी पडदे त्याने फुगू शकतात.

बाटलीवर दोन प्रकारे आकडे लिहिलेले दिसतील. एक वेट, दुसरा सीएसटी (सेंटिस्टोक); दोन्ही तेलाच्या घट्टपणाची मापं. ३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी, ३५ वेट म्हणजे ४२५, ४० वेट म्हणजे ५०० च्या आसपास. पण एका कंपनीचं ३० वेट दुसऱ्या कंपनीच्या ३० वेटशी जुळेलच असं नाही, म्हणून दुकान बदललं तर सीएसटीचा आकडा जुळवा. मोठा आकडा म्हणजे घट्ट तेल.

भरायची पद्धत. शॉक गाडीवरून काढा, स्प्रिंग काढा, टोपी उघडा, जुनं तेल ओतून टाका. काळं, राखाडी निघालं तर आत धूळ गेली आहे. सगळं पुसून घ्या. दांडा पूर्ण बाहेर ओढून शॉक उभा धरा आणि तेल काठोकाठ भरा. आता पिस्टन अगदी सावकाश वर-खाली करा. घाई केली तर आतच फेस होतो. बुडबुडे वर येताना दिसतील. मग शॉक उभा टेकवून ठेवा आणि चहा ठेवा. दहा मिनिटांनी वर एकही बुडबुडा नसला पाहिजे. तेल कमी झालं असेल तर पुन्हा काठापर्यंत आणा. पिस्टन कंपनीच्या माहितीपत्रकात सांगितला असेल तितकाच आत ढकलून ठेवा आणि टोपी तिरकी टेकवत लावा, म्हणजे जास्तीचं तेल आणि हवा बाजूने निघून जाईल. ते पुसून टोपी आवळा.

दांडा आत दाबताना खुरूखुरू, पिचिक्-पिचिक् असा आवाज आला तर हवा राहिली आहे. पुन्हा उघडा. कंटाळा येतो, पण हा आवाज आपोआप जात नाही.

आता डावा आणि उजवा सारखे आहेत का ते पाहायचं. यासाठी कुठलंही यंत्र नको. पुढचे दोन्ही शॉक स्प्रिंगशिवाय घ्या, दोघांच्या दांड्यांची टोकं एकमेकांना टेकवा आणि दोन्ही तळव्यांनी हळूहळू दाबा. दोघे बरोबरीने आत गेले तर छान. एक आधी आत गेला आणि दुसरा ताठ राहिला तर आधी जाणाऱ्यात तेल कमी आहे किंवा हवा आहे. व्हर्नियरने दोन्ही शॉकची पूर्ण उघडलेली लांबीही मोजा, वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नका. खालचं प्लास्टिकचं टोक अर्धी फेरी फिरवून जुळवता येतं.

पुण्यात तेलाचा आकडा ऋतूप्रमाणे बदलावा लागतो. सिलिकॉन तेल उन्हात पातळ होतं, थंडीत घट्ट. जानेवारीत सकाळी सातला पारा दहाच्या आसपास असतो, एप्रिलच्या दुपारी चाळिशीला टेकतो. हिवाळ्यात छान चालणारं ३० वेट उन्हाळ्यात पाण्यासारखं वाटतं. मी मार्चअखेरीस पाच वेटने वर जातो आणि पाऊस सुरू झाला की परत खाली.

शॉक टॉवरवरच्या (शॉकची वरची टोकं बसतात ती उभी पट्टी) भोकांबद्दल थोडक्यात. वरचं टोक आतल्या भोकात नेलं की शॉक आडवा होतो आणि सुरुवातीला मऊ, पुढे कडक असं चालतं. बाहेरच्या भोकात नेलं की उभा आणि ताठ. पहिले दोन महिने कंपनीने दिलेल्या भोकाला हात लावू नका.

उंची

बॅटरी आत, जी वापरणार तीच. रिकाम्या गाडीची उंची मोजून उपयोग नाही. ट्रक ओट्यावर ठेवा, पुढून आणि मागून दोनदा दाबून सोडा, वीतभर पुढे ढकला म्हणजे टायर मोकळे होतील, आणि आता समोरून पाहा. खडबडीत जमिनीसाठी सुरुवात अशी करा: खालचे आर्म जमिनीला समांतर, मागे आणि पुढे दोन्हीकडे. गुळगुळीत जागेसाठी आर्म बाहेरच्या बाजूला किंचित वर, म्हणजे गाडी थोडी खाली.

उंची बदलायची ती स्प्रिंगवरच्या क्लिपांनी किंवा आटे असलेल्या कॉलरने. एक गैरसमज इथेच काढून टाकतो. क्लिपा वाढवल्या म्हणजे स्प्रिंग कडक होते, असं जवळजवळ प्रत्येक जण मला सांगतो. होत नाही. तीच स्प्रिंग, गाडी फक्त वर उभी राहते. गाडी वारंवार बूड टेकवत असेल तर क्लिपांचा ढीग लावू नका, कडक स्प्रिंग घ्या.

डावी-उजवी बाजू समान आहे का ते तपासायची युक्ती मला फार आवडते. मागच्या बंपरखाली अगदी मधोमध स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावा आणि हळू उचला. मागची दोन्ही चाकं एकाच क्षणी जमीन सोडतात का पाहा. डावं चाक उशिरा सुटलं तर गाडी डावीकडे कलते आहे. आता गंमत अशी की दोष मागे नसतो. मागचं टोक तुम्ही एका बिंदूवर तोलून धरलं आहे, त्यामुळे गाडीचा कल ठरवतात पुढचे शॉक. म्हणजे पुढच्या डाव्या शॉकला क्लिप वाढवा किंवा पुढच्या उजव्याची कमी करा. तसंच पुढून उचलाल तेव्हा दिसेल ते मागच्या शॉकचं.

शेवटी ट्रक वीतभर उंचीवरून सपाट सोडा. खाली दबावा, वर येऊन थांबावा. चेंडूसारखा पुन्हा उसळला तर तेल पातळ आहे. धप्पकन बसून वर यायला आळस करत असेल तर तेल फार घट्ट आहे.

कॅम्बर

समोरून पाहिलं तर चाकाची वरची कड आत झुकलेली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकलेली असेल तर पॉझिटिव्ह. पाय फाकून रोवून उभा राहिलेला पैलवान आठवा, तसा निगेटिव्ह. आपल्याला थोडा निगेटिव्ह हवा असतो, कारण वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि तेव्हा बाहेरचं चाक सपाट बसावं लागतं. सुरुवातीला पुढे दीड अंश, मागे एक अंश.

मोजायचं कसं? चाकं सरळ ठेवा. गुण्याची एक बाजू ओट्यावर, उभी बाजू टायरच्या फुगवट्याला टेकवा. टायर मऊ असतो, त्यामुळे त्याच्यावर मोजू नका. व्हर्नियरच्या शेपटीने गुण्यापासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा कॅम्बर. रिमचा व्यास ७५ मिमी असेल तर १ अंशाला साधारण १.३ मिमी फरक येतो, १०० मिमी असेल तर १.७५. एका चिठ्ठीवर लिहून ओट्याच्या भिंतीला चिकटवा. मी चिकटवली होती. नंतर तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिला गेला.

बदलायचा कॅम्बर लिंकने. टर्नबकलच्या एका टोकाला सरळ आटे असतात, दुसऱ्याला उलटे, म्हणून लिंक न काढता मधला दांडा फिरवला की लांबी कमी-जास्त होते. ३ मिमीच्या टर्नबकलला आट्यांमधलं अंतर सहसा अर्धा मिमी असतं, दोन्ही टोकं एकदम सरकतात, म्हणजे एका पूर्ण फेरीत १ मिमी. एक दशांश ट्रकवर तेवढ्याने कॅम्बर दीड अंशाच्या आसपास बदलतो. म्हणून पाव-पाव फेरी. सगळे टर्नबकल एकाच दिशेने बसवून घ्या, उलटे आटे नेहमी डावीकडे, म्हणजे कुठल्या बाजूला पिळलं की लांब होतं याचा दर वेळी विचार करावा लागणार नाही. काही तयार गाड्यांत लिंक ठरावीक लांबीचं प्लास्टिकचं असतं. ते बदलेपर्यंत हा भाग सोडून द्या, गाडी चालते.

प्रत्येक बदलानंतर गाडी पुन्हा दोनदा दाबा, पुढे ढकला, मग मोजा. हे विसरलात तर आकडा टायर अडल्याचा असतो, कॅम्बरचा नसतो.

टो

वरून पाहताना चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे झुकलेली असतील तर टो-इन, बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. उभे राहून स्वतःच्या पायांचे अंगठे आत आणि बाहेर करून पाहा, कायमचं लक्षात राहील.

पुढे टो-इन दिला की गाडी सरळ धावायला शांत होते पण वळायला आळस करते. थोडा टो-आउट दिला की वळणात पटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर चुळबुळ करते. नवख्या माणसाने शून्यावर ठेवावा. मागे मात्र टो-इन असतोच, साधारण अडीच ते तीन अंश, आणि बहुतेक ट्रकमध्ये तो हबमध्ये (चाकाचा आस धरणारा भाग) किंवा आर्मच्या बसवणीतच घातलेला असतो. त्याच्यामुळे थ्रॉटल दाबल्यावर शेपूट जागेवर राहतं. मागची चाकं आत वळलेली दिसली म्हणून कोणी "सरळ" करायला जाऊ नये. माझा भाचा करणार होता. "मामा, ही वाकडी आहेत ना?" त्याला म्हटलं, असू दे, ती तशीच जन्मली आहेत.

पुढचा टो मोजायला दोन फूटपट्ट्या. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या अंगाला एकेक पट्टी आडवी, जमिनीला समांतर, रबर बँडने बांधा. टेप चॅसिसच्या वरून नेता यावी म्हणून पट्ट्या आसापेक्षा जरा वर बांधा, आणि टायरच्या दोन्ही बाजूंना त्यांचा भाग सारखा राहू द्या. आता दोन्ही पट्ट्यांच्या पुढच्या टोकांमधलं अंतर मोजा, मग मागच्या टोकांमधलं. दोन्ही सारखी असतील तर टो शून्य. ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर एका चाकाचा १ अंश म्हणजे साधारण ५ मिमी, दोन्ही चाकं मिळून १० मिमी. इतका मोठा फरक साध्या टेपवरही चुकत नाही, म्हणून ही पद्धत गरिबाची असली तरी खरी आहे.

टो लिंक दोन्हीकडून सारखेच फिरवा. एकाच बाजूचा फिरवला तर टो शून्य होईलही, पण स्टीअरिंगचा मध्य सरकेल आणि तुम्ही पुन्हा ट्रिमकडे हात न्याल. दोन्ही लिंकची लांबी व्हर्नियरने मोजून सारखी ठेवा.

कॅस्टर, बंप स्टीअर, ॲकरमन ही नावंही कानावर येतील. कॅस्टर बहुतेक ट्रकमध्ये ठोकळ्यातच ठरलेला असतो. बाकीच्या दोघांचा विचार तुम्ही शर्यतीत उतरलात की करा.

मैदानावर

टेकड्यांवर नेऊ नका. तळजाई काय, वेताळ काय, सकाळी चालणाऱ्यांची रीघ असते आणि बरीचशी जमीन वनखात्याची आहे. बांधकाम सुरू व्हायच्या आधीचा, मुरूम पसरलेला प्लॉट उत्तम, वॉचमनला विचारून. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरही चालतं, पण तिथे पकड इतकी असते की वळणात ट्रक पलटी खातो. तसं झालं तर गाडी खाली घ्या, पुढची स्प्रिंग कडक करा. मोकळ्या मुरमावर उलट: मऊ स्प्रिंग, जास्त उंची, कारण चाकं जमिनीला चिकटून राहणं महत्त्वाचं.

आधी वीसेक पावलं सरळ रेषेत, अर्ध्या थ्रॉटलवर. दोनदा जाताना, दोनदा येताना. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे ओढत असेल तर जमिनीला उतार आहे, गाडी ठीक आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला ओढली तर वरचा क्रम पहिल्यापासून. मग इंग्रजी आठच्या आकारात सावकाश. डावं आणि उजवं वळण सारख्याच त्रिज्येत बसतंय का?

वळताना पुढचं टोक बाहेर वाहत असेल तर पुढची स्प्रिंग मऊ करून पाहा किंवा पुढच्या क्लिपा एक कमी. मागचं शेपूट फिरत असेल तर मागची मऊ करा, आणि टायर झिजलेत का ते आधी पाहा. मातीवर टायरचं महत्त्व सगळ्या सेटिंगपेक्षा मोठं असतं, हे दुकानदार सोडून कोणी सांगत नाही. उडीनंतर पुढचं नाक आधी खुपसत असेल तर हवेत असताना थोडा थ्रॉटल द्या. तो दोष बहुतेक वेळा बोटाचा असतो, शॉकचा नसतो.

एका वेळी एकच बदल. बदलला, चालवला, लिहिला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशामुळे ते कळत नाही, बिघडली तर काय परत फिरवायचं तेही नाही.

पावसात चालवलीत तर घरी येऊन शॉकचे दांडे कोरड्या कापडाने पुसा आणि बेअरिंगला थेंबभर तेल. चिखल वाळला की आर्म पुन्हा अडकतात आणि दोष अलाइनमेंटचा वाटतो.

भाच्याच्या वहीतलं पहिलं पान तुमच्यासाठी उतरवून देतो, मुरमासाठी, मागच्या चाकांवर चालणारा एक दशांश ट्रक, दोन सेलची बॅटरी, फेब्रुवारीची सकाळ: पुढे ३५ वेट, मागे ३०. आर्म समांतर. कॅम्बर पुढे दीड, मागे एक, दोन्ही निगेटिव्ह. टो पुढे शून्य, मागे कंपनीचा. ट्रिम एक टप्पा उजवीकडे. आणि खाली पेन्सिलीने: "डा. मा. पिन बघ."